डब्यात काय होतं ते आधी सांग

चि. पोरीस,

अनेक आशीर्वाद.

तुझे दोन्ही लेख पोचले. पहिला वाचताना मी इतकी हसले की शेजारच्या वहिनी काय झालं म्हणून विचारायला आल्या. मग त्यांनाही वाचून दाखवला. दुसरा वाचला आणि डोकंच फिरलं. त्याच पोरीनं त्याच प्रसंगावर हे असं कसं लिहिलं? सोबतची चिठ्ठी पुन्हा वाचली तेव्हा उलगडा झाला. स्पर्धेच्या परीक्षकांनी सांगितलं, "विनोद बरा आहे, पण जीवनदर्शन नाही." आणि तू लगेच जीवनदर्शन घालायला बसलीस.

अगं, पहिल्या लेखात काय काय होतं ते तरी बघ. मार्गशीर्षातला गुरुवार. गारगोटीहून सकाळच्या एसटीनं तुझा डबा निघाला, मुदाळ तिट्ट्यावरून कोल्हापूरच्या स्टँडवर आला. तू पिशवी उचललीस, राजारामपुरीतल्या कॉट बेसिसच्या खोलीवर आलीस, झाकण उघडलंस, तर आत भाकरी, सुकटाची चटणी आणि फोडलेला कांदा. तुझा तर उपास! पिशवी उलटीपालटी करून बघितलीस, ती तीच. कुणाच्या तरी लग्नात आहेराबरोबर वाटलेली, नवरानवरीची नावं छापलेली. म्हणजे तुझ्या घरचे त्या लग्नाला गेले होते तसे राधानगरीकडचे आणखी कुणी गेले होते, आणि त्यांचा पोरगा त्या वेळी कुठल्या तरी बोर्डिंगात बसून वरीचा भात आणि शेंगदाण्याची आमटी खात होता. झाकणाच्या आत त्याच्या आईची चिठ्ठी. "गोळी चुकवू नको. मोबाईल कमी कर." दुसऱ्याच्या आईनं सांगितलं म्हणून तू दोन दिवस मोबाईल कमी वापरलास! मग स्टँडवर डब्यांची अदलाबदल झाली, दोन्ही डबे लख्ख घासलेले, आणि तो पोरगा एवढंच म्हणाला, "आमटी झकास होती, पण पोट भरलं नाही."

यात जीवनदर्शन नाही म्हणतात? दोन तालुके, दोन आया, एक लग्न, एक उपास, पोटाची भूक, सगळं आहे की यात.

आता तुझा दुसरा लेख. "आईच्या हातची माया डब्यात भरून येते आणि परक्या शहरात त्या मायेचा घास डोळे ओले करतो." हे वाक्य डबा न बघताही कुणी लिहील. सुकट गेली, उपास गेला, लग्नाची पिशवी गेली. तो पोरगा तर पार नाहीसाच झाला. मला एवढंच सांग, डब्यात काय होतं?

नोकरीभर मी पोरांना हाच प्रश्न विचारत आले. कॉलेजची लायब्ररी सांभाळायची आणि त्याबरोबर वार्षिक अंकाचं काम गळ्यात, असं माझं आयुष्य गेलं. फीच्या पावतीवर जिमखाना फीच्या शेजारी मॅगझीन फी लिहिलेली असते ना, त्या पैशातून निघणारा तो अंक. पोरं लेख घेऊन यायची. "मॅडम, कॉलेजजीवनावर लिहिलंय." उघडावं तर कट्टा, चहा, मैत्रीचे रेशीमबंध, सोनेरी दिवस. मी विचारायची, कोणता चहा? पैसे कोणी दिले? ज्यानं कधीच दिले नाहीत त्याचं काय केलंत? पोरं गोंधळून बघायची आणि मग तोंडी सांगायला लागायची. तोंडी सांगताना काय रंगायची! तेच लिही म्हटलं की म्हणायची, "ते लिहायचं असतं व्हय?" हो. तेच लिहायचं असतं. दुसरं काही लिहायचं नसतं.

तू लिहिलंयस की आता पदवीचा अभ्यास करते, हे सगळं पुढं कधीतरी निवांत लिहीन. पुढं लिहिता येत नाही, पोरी. पुढं फक्त "काय दिवस होते ते" एवढंच उरतं. पन्नाशीला आलेल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बघ, सांगलीचा असो, साताऱ्याचा असो, सगळ्यांचं कॉलेज एकसारखं झालेलं असतं. तीच मैत्री, तोच पाऊस. कारण त्या त्या दिवशी कुणी काही टिपलं नाही. सुकटाची चटणी सकाळपर्यंत आठवते. महिन्याभरानं "काहीतरी मांसाहारी होतं" एवढंच राहतं, आणि वर्षानं त्याची माया होते. म्हणून त्याच रात्री लिही. कच्चं लिही, चार ओळी लिही, जर्नलच्या मागच्या पानावर लिही, पण डब्यात काय होतं ते लिही.

माझा राग कुठून येतो तेही सांगते. आम्ही हॉस्टेलला होतो तेव्हा घरून मनीऑर्डर यायची. फॉर्मच्या तळाशी निरोपाला एवढीशी जागा असायची. माझे वडील मुळात कमी बोलणारे. एकदा त्या जागेत त्यांनी लिहिलं होतं, "म्हैस व्याली. अभ्यास कर." शेजारच्या खोलीतल्या मुलीच्या वडिलांनी त्याच जागेत मागच्या महिन्याचा हिशोब मांडला होता. साबण, तेल, एसटी, इतर, आणि "इतर"च्या पुढं भलंमोठं प्रश्नचिन्ह. पोस्टमन येऊन गेला की संध्याकाळी आम्ही सगळ्याजणी जमून ते चिठोरे मोठ्यानं वाचायचो. मी त्यावर लेख लिहिला आणि वार्षिक अंकाला दिला. छापून आला तेव्हा त्याचं नाव "पितृहृदय" झालं होतं आणि त्यातली म्हैस काढून टाकली होती. विचारायला गेले तर उत्तर मिळालं, म्हैस अंकात शोभत नाही. माझ्या मैत्रिणींनी मलाच विचारलं, हे कुणी लिहिलंय?

वडील जाऊन आता बराच काळ झाला. चिठोरे हॉस्टेल सोडताना कुठं गेले कुणास ठाऊक. अंकात माझं नाव आहे, वडिलांचं वात्सल्य आहे, पण वडील कुठंच नाहीत. ते त्या चार शब्दांत होते. म्हैस काढली आणि तेही निघून गेले.

तेव्हापासून मी हटून बसले. पोरांच्या लेखातली एकही म्हैस मी काढू दिली नाही. एका वर्षी एका पोरानं हॉस्टेलच्या नळाला पाणी येण्याचं वेळापत्रकच लिहून आणलं, रेल्वेच्या वेळापत्रकासारखं. कुठल्या मजल्यावर किती वाजता, किती उशिरा, कुठं "सूचनेशिवाय रद्द". मी ते जसंच्या तसं छापायला लावलं. पुढच्या वर्षी अंकाच्या समितीत माझं नाव नव्हतं. वरचे लोक नाराज झाले, काही सहकारी म्हणाले, बाईंना तारतम्य नाही. मी बरोबर होते. तेव्हाही बरोबर होते आणि आजही तेच म्हणते. माजी विद्यार्थी लायब्ररीत यायचे, जुना अंक मागायचे आणि कुठलं पान झेरॉक्स करून न्यायचे? नळाच्या वेळापत्रकाचं. जुने बांधीव अंक नुसते कडेनं बघितले तरी कळतं. प्राचार्यांचं मनोगत, अहवाल, चिंतनपर लेख यांच्या कडा पांढऱ्या स्वच्छ. मधेच काही पानांच्या कडा बोटं लागून काळ्या पडलेल्या. तिथं उघडावं तर कुणीतरी रात्री अकरानंतर परगावच्या फोनचा, म्हणजे एसटीडीचा, दर पावपट व्हायचा तेव्हाच्या बूथसमोरच्या रांगेवर लिहिलेलं असतं. रांगेत कोण झोपायचं, कोण घरच्यांशी बोलताना आवाज बारीक करायचं, बाहेर उभे असलेले काचेवर कसं टकटक करायचे. आजच्या पोरांना एसटीडी बूथ माहीत नाही, तरी वाचून हसतात.

आणि लोक मला म्हणतात, बाईंनी स्वतःचं एक पुस्तक काढलं नाही. नसेना का. त्या काळ्या कडांची पानं मी वाचवली. माझ्या दृष्टीनं ते काम पुस्तकापेक्षा कमी नाही आणि त्याबद्दल मला कुणाचं प्रमाणपत्र नको.

तुला वाटत असेल, एका डब्यावरून म्हातारी फारच भांडते. मग जरा मोठं बघ. शाहू महाराजांच्या काळात 1901 साली या शहरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, जैन बोर्डिंग निघालं, मग एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहत गेली. दसरा चौकात फिरताना आजही ती दिसतात. खेड्यातली पोरं शिकायला येऊन राहणं हा कोल्हापूरचा एवढा जुना धंदा आहे. नोकरीत असताना मी हौसेनं त्याबद्दलचे कागद वाचत होते. ठराव सापडायचे, देणगीदारांची नावं, इमारतीचा खर्च. पोरांच्या ताटात काय वाढलं जायचं, कोण कुणाचं पांघरूण पळवायचं, पहिल्यांदा घर सोडलेलं दहा-बारा वर्षांचं पोर रात्री काय करायचं, हे शोधताना माझी दमछाक व्हायची. इतिहास लिहिणाऱ्याला उद्या ते लागेल तेव्हा ठराव उपयोगी पडणार नाही. तुझ्यासारख्या कुणी तरी हसत हसत लिहिलेलं पान उपयोगी पडेल.

अगदी अलीकडचं घे. 2021 च्या दिवाळीच्या सुमारास एसटीचा संप झाला, तो पुढच्या एप्रिलपर्यंत चालला. तू तेव्हा शाळेत होतीस. त्या महिन्यांत एसटीनं येणारे डबे कसे आले? कुणाचा दुधाच्या गाडीतून आला, कुणाचा वडापच्या जीपवाल्याच्या पायाशी ठेवून आला, कुणाचा आलाच नाही, आणि सहाजणांनी चौघांच्या भाकरीत भागवलं. तुझ्या सीनियर पोरी हे तुला खोलीवर सांगतात असं तूच म्हणालीस. लिहून घेतलंस का? जा आणि आधी विचार. कुणाच्या गाडीतून, किती वाजता, आमटी सांडली की नाही.

आता तू विचारलेला खरा प्रश्न. हसवणारं लिहिणं हलकं असतं का, शेतीच्या दुःखावर पुन्हा लिहायला घेऊ का? घे की. दुःख खरं आहे आणि ते तुझ्या घरातलं आहे. पण तिथंही मी हेच विचारणार. कारखान्याला ऊस गेल्यापासून 14 दिवसांत बिल द्यायचं असा कायदा आहे. बिल लांबतं तेव्हा तुझ्या डब्यात काय बदलतं? तू फोनवर सांगितलं होतंस, शेंगदाण्याची चटणी बंद होऊन नुसता खर्डा यायला लागतो, भाजीवरचा तेलाचा तवंग जातो, आणि आई फोनवर म्हणते, "उन्हाळ्यात तेलकट बरं नसतं बाळा." हे तू हसत सांगितलंस आणि मी ऐकताना हसलेही. फोन ठेवल्यावर बराच वेळ काही सुचलं नाही. हे तू तुझ्या मागच्या त्या "बळीराजाची व्यथा" छापाच्या लेखात घातलं नाहीस! तिथं आभाळ घातलंस, भेगाळलेली भुई घातलीस. भुदरगडात पाऊस बदाबदा पडतो, भुई कधी भेगाळते गं? परीक्षकांना खूश करायला तू स्वतःच्या तालुक्याचं हवामान बदललंस. याचा मला सगळ्यात जास्त राग आला. रागावले आहे म्हणून वाईट वाटून घेऊ नको. ज्याच्या हातात काही आहे त्याच्यावरच मी रागावते.

तुमच्या वर्षाला नवं शैक्षणिक धोरण आलं. मेजर, मायनर, ओपन इलेक्टिव्ह असे विषयांचे नवे प्रकार. पहिला पंधरवडा कुणी कुठल्या वर्गात बसायचं हे एकट्या शिपाईमामांना ठाऊक होतं आणि प्राध्यापकही त्यांनाच विचारायला यायचे, असं तू सांगितलंस. लिहिलंस? नाही. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी खिडकीवर गेलीस तेव्हा क्लार्क म्हणाले, "सर्व्हर डाऊन आहे, जेवून ये," आणि तू जेवून आलीस तर ते जेवायला गेले होते. लिहिलंस? नाही. लिहिशील तेव्हा "सरकारी कारभार असाच" असली वाक्यं घालू नकोस. त्या खिडकीची उंची लिही, वाकून बोलताना मान कशी अवघडते ते लिही, आणि दोनशे पोरांचे फॉर्म एकट्यानं भरणाऱ्या त्या माणसाच्या टेबलावर काय काय पडलेलं असतं तेही लिही. त्याच्या डब्यात काय होतं ते दिसलं असेल तर सगळ्यात आधी ते. वाचणारा हसेल आणि त्या माणसाला हिणवणारही नाही. नेमकं लिहिलं की एवढं आपोआप साधतं.

दुसरा लेख परत पाठवते आहे. समासात पेन्सिलीनं प्रश्न लिहिलेत, त्यांची उत्तरं मला नकोत, तू स्वतःला दे. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी पहिलाच लेख द्यायचा. समितीतल्या कुणी "जरा भावनिक करा" म्हटलं तर नम्रपणे नाही म्हण. ऐकत नसतील तर माझा फोन नंबर दे, त्यांच्याशी मी बोलते. सुकट काढायला सांगितली तर लेख परत घे, पण सुकट काढू नको.

प्रॅक्टिकल झाली की एखाद्या रविवारी घरी ये. मेसला रविवारी संध्याकाळी सुट्टी असते, तेव्हा जेवायलाच ये. खोलीतल्या त्या सीनियर मुलीलाही आण, संपातल्या डब्यांचं तिच्याच तोंडून ऐकायचंय. वही विसरू नको.

तुझी,
लायब्ररीतल्या मॅडम