दोन मजली घरात वरच्या मजल्यावर वायफाय पोचत नाही. मेश (एकमेकांशी हवेतून बोलणाऱ्या दोन-तीन डब्यांचा संच) घ्यावा, मोठा राऊटर घ्यावा की दुसरं कनेक्शन?

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: नागपुरात मानेवाड्याकडे दोन मजली घर, १०० एमबीपीएसचं फायबर कनेक्शन, राऊटर खालच्या हॉलमध्ये टीव्हीच्या मागे. वर जिन्यापलीकडच्या खोलीत मुलीचे ऑनलाइन क्लास चालतात. तिच्या टेबलाशेजारी एक्स्टेंडर (राऊटरचा सिग्नल उचलून पुढे देणारं यंत्र) लावला, तरी स्पीड ८-१० च्या वर जात नाही.

यातलं काहीच विकत घेऊ नका. खालून वर लॅनची (घरातल्या नेटवर्कची) एक वायर न्या आणि तिच्या टोकाला वायफाय द्या. दुसरं कनेक्शन घेतलं तर दर महिन्याला बिल येत राहील. वायर एकदा ओढली की पुढची दहा वर्षं बघावं लागत नाही. माझ्या त्रिमूर्तीनगरच्या घरात, आत्याकडे महालात आणि ओळखीच्या चार-पाच घरांत मी हे काम केलंय. जिथे वायर गेली तिथे तक्रार संपली आणि जिथे वायर टाळली तिथे मला परत परत जावं लागलं.

पण त्याआधी दोष नक्की कुठे आहे ते बघा. लॅपटॉप राऊटरला वायरने जोडा आणि स्पीड तपासा. ९०-९५ आले तर कंपनीची लाइन ठीक आहे. ३०-४० च आले तर घरात काहीही बदलून उपयोग नाही, आधी कंपनीकडे तक्रार टाका. लाइन ठीक निघाली की मोबाइलवर वायफाय ॲनालायझरसारखं एखादं ॲप टाका आणि हॉल, जिन्याची पहिली पायरी, मधलं वळण, वरची खोली असं चालत सिग्नलचा आकडा (डीबीएम) बघत जा. आकडा उणे असतो. उणे ५० म्हणजे उत्तम, उणे ६७ पर्यंत व्हिडिओ कॉल बिनधास्त चालतो, उणे ८० च्या खाली गेलं की फोनवर कांडी दिसते पण काम होत नाही. दर १० आकड्यांना सिग्नलची ताकद दहाव्या हिश्शावर येते, म्हणून उणे ६० आणि उणे ८० मधला फरक शंभरपट असतो. जिन्याच्या वळणावर हा आकडा कसा कोसळतो ते एकदा स्वतः पाहा, मग पुढचं सगळं आपोआप पटेल.

कोसळतो त्याचं कारण स्लॅब. त्यात सहा-सहा इंचांवर बांधलेली लोखंडी गजांची जाळी आणि वर काँक्रीट. वायफाय दोन पट्ट्यांवर चालतं, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ. ५ च्या लहरीवर नेट वेगवान, पण भिंती-स्लॅबमधून जाताना ती लवकर दमते. २.४ ची लहर जास्त आत शिरते, पण तिथे गर्दी फार. हा पट्टा आपल्याकडे २००५ पासून परवान्याशिवाय वापरता येतो आणि त्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. शेजारच्या दहा घरांचे राऊटर याच तिघांत दाटीवाटीने बसलेले असतात. त्यातून मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ वरच चालतो. ५ गिगाहर्ट्झचा मोठा भाग २०१८ मध्ये खुला झाला, तिथे जागा भरपूर आहे. म्हणून प्रत्येक मजल्यावर ५ चा सिग्नल जवळून मिळाला पाहिजे.

तुमचा राऊटर टीव्हीच्या मागे आहे, तो आजच बाहेर काढा. टीव्हीच्या मागच्या बाजूला आत धातूचा पत्राच असतो. राऊटर उघड्यावर, माणसाच्या छातीच्या उंचीवर, शक्यतो जिन्याच्या तोंडाशी ठेवा. फायबरची पांढरी बारीक वायर स्वतः ओढाताण करून हलवू नका, ती दुमडली की आतली काच तुटते. ही वायर ज्यात येते तो कंपनीचा डबा आहे तिथेच राहू द्या. तोच तुमचा राऊटर असेल तर टीव्हीच्या बाजूला उघड्यावर घेतला तरी फरक पडेल.

आता एक्स्टेंडर. साधा असेल तर तो एकाच रेडिओवर राऊटरचं ऐकतो आणि त्याच रेडिओवर तुमच्या फोनशी बोलतो, म्हणजे प्रत्येक गोष्ट हवेतून दोनदा जाते आणि निम्मा वेग तिथेच खर्च होतो. शिवाय लोक तो तिथे लावतात जिथे सिग्नल आधीच मेलेला असतो, जसा तुमच्याकडे मुलीच्या टेबलाशेजारी. त्याला जे मिळतं तेच तो पुढे देतो. फोनवर कांड्या पूर्ण दिसतात, कारण फोनला एक्स्टेंडर जवळ असतो. एक्स्टेंडरला मात्र राऊटर दूरच राहतो.

आत्याच्या घरची गोष्ट सांगतो, कारण नागपुरात ही अडचण अनेकांना येते आणि कारण लक्षात येत नाही. महालातला जुना वाडा, भिंती दोन-दोन फुटांच्या, मधे चौक. राऊटर पुढच्या बैठकीत, आत्या मागच्या खोलीत. सगळा हिवाळा ती अमेरिकेतल्या नातवाशी मजेत बोलायची. होळी झाली, उन्हं तापली आणि तिचा फोन आला, “काऊन रे बेटा, तो दिसतच नाही, नुसतं गोल गोल फिरून राहिलं.” कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला, त्याने राऊटरही बदलला. मी गेलो तेव्हा खोलीत गार वारा होता आणि मोबाइलवर उणे ८४. मागच्या खोलीच्या, चौकाकडे उघडणाऱ्या खिडकीत कूलर बसवला होता. भिंतीतून सिग्नल कधी येतच नव्हता, तो चौक ओलांडून त्या एका खिडकीतून येत होता. आता तिथे पत्र्याची बॉडी, टाकीभर पाणी आणि ओल्या ताट्या उभ्या होत्या. पत्रा सिग्नल परतवतो, पाणी तो पिऊन टाकतं. मी आत्याला खोलीच्या दारात उभं राहायला सांगितलं, तिथे आकडा उणे ६६ झाला आणि नातू लगेच दिसला. ती तशीच दाराच्या चौकटीला टेकून अर्धा तास बोलत राहिली, पाय दुखत असूनही. कूलर काढा म्हणायची सोय नव्हती, मे महिन्यात नागपुरात ते कोणी कोणाला सांगू नये. दुसऱ्या दिवशी मी चौकाच्या कडेने वायर नेली.

तुमच्याकडेही कूलर किंवा लोखंडी कपाट मधे येतंय का ते बघा. सिग्नल मार्चपासून बिघडला असेल तर संशय तिथेच घ्या.

वायर कोणती घ्यायची? कॅट सिक्स, पूर्ण तांब्याची. बर्डीवर (सीताबर्डीच्या बाजारात) स्वस्तात मिळणाऱ्या वायरीत ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असतो, ती वजनाला हलकी लागते. सुरीने एक तार खरवडून पाहा, आत पांढरट निघालं तर परत करा. लांबीची मर्यादा १०० मीटर आहे, घरात ती कधीच येत नाही. बाहेरच्या भिंतीवरून नेणार असाल तर काळ्या आवरणाची, उन्हात टिकणारी वायर मागा. साधी राखाडी वायर आपल्या उन्हात काही उन्हाळ्यांतच तडकते.

वाट मात्र आधी घरातच शोधा. पूर्वी डिश टीव्हीची वायर पाईपातून गच्चीवरून हॉलपर्यंत आणलेली असते, तो पाईप बहुतेक घरांत आता रिकामा किंवा निकामी वायरीने भरलेला आहे. जुन्या वायरीच्या टोकाला नवी वायर चिकटपट्टीने घट्ट बांधा आणि एकाने वरून ओढावं, दुसऱ्याने खालून सरकवत द्यावं. विजेच्या वायरी असलेल्या पाईपातून लॅनची वायर कधीही नेऊ नका. इन्सुलेशन कुठे गेलं तर २३० व्होल्ट थेट राऊटरवर आणि त्याला हात लावणाऱ्या माणसावर येतील.

जॅक (वायरीच्या टोकाचा प्लॅस्टिकचा प्लग) घरी लावणार असाल तर दोन्ही टोकांना रंगांचा क्रम एकच ठेवा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. जॅकची प्लॅस्टिकची क्लिप खाली, सोनेरी पट्ट्या वर आणि तारा आपल्याकडून पुढे सरकवल्या की हा क्रम डावीकडून उजवीकडे. इथे घाई करू नका. माझ्या घरी वायर चालत होती पण ९४ च्या वर जाईना, प्लॅन ३०० चा. दोन संध्याकाळी मी राऊटरच्या सेटिंगमध्ये शोधत बसलो. शेवटी भिंगाखाली जॅक धरला तेव्हा दिसलं, तपकिरी तार टोकापर्यंत गेलीच नव्हती, केसभर आधी थांबली होती. १०० एमबीपीएसला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. निळ्या किंवा तपकिरी जोडीतली एक तार हुकली की दोन्ही यंत्रं गुपचूप १०० वर येतात आणि कुठेही चूक दाखवत नाहीत. जॅक कापून नवा लावला, स्पीड लगेच आला. तेव्हापासून मी दाबण्याआधी आठही टोकं जॅकच्या पारदर्शक तोंडाशी चमकताना मोजतो.

वरच्या टोकाला काय लावायचं? तुमचा एक्स्टेंडरच पाहा. त्याला लॅनचं पोर्ट असेल आणि सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ मोड असेल तर वायर त्यात घाला, तुमच्या १०० च्या प्लॅनला तो पुरेल. तेच यंत्र, फक्त आता हवेऐवजी वायरीतून ऐकेल. तसं पोर्ट नसेल तर घरात पडलेला जुना ड्युअल बँड (२.४ आणि ५ दोन्ही देणारा) राऊटर चालतो. त्यातही असा मोड असेल तर तो लावून मोकळे व्हा. नसेल तर तीन गोष्टी करा. खालचा राऊटर १९२.१६८.१.१ वर असेल तर वरच्याला १९२.१६८.१.२ हा पत्ता द्या, वरच्याचं डीएचसीपी (यंत्रांना पत्ते वाटायची सोय) बंद करा, आणि खालून आलेली वायर वरच्याच्या वॅन पोर्टात (बाहेरचं नेट येतं त्यात) न घालता लॅन पोर्टात घाला. डीएचसीपी चालू राहिलं तर घरात पत्ते वाटणारे दोघे होतात: कधी नेट चालतं, कधी नाही. वायर वॅन पोर्टात घातली तर खालच्या लॅपटॉपवरून वरचा प्रिंटर सापडत नाही.

दोन्हीकडे वायफायचं नाव आणि पासवर्ड तंतोतंत सारखा ठेवा, चॅनेल वेगळे. २.४ वर खाली १ आणि वर ११, ५ वर खाली ३६ आणि वर १४९. कोणत्या राऊटरला चिकटायचं ते फोन ठरवतो आणि काही फोन खालच्याला सोडायला तयार नसतात. तसं झालं तर दोन्हींच्या २.४ ची ताकद सेटिंगमध्ये मध्यमवर आणा. ताकद कमी केल्यावर घरातलं वायफाय सुधारतं हे लोकांना पटत नाही, पण करून बघा.

मेश वाईट नाही. घर भाड्याचं असेल, भिंतीला भोक पाडता येत नसेल, तर मी स्वतः मेशच सांगतो. तेव्हा दुसरा डबा अडचणीच्या खोलीत न ठेवता अर्ध्या वाटेवर, जिन्याच्या वळणाशी ठेवायचा, जिथे आकडा उणे ६५ च्या आसपास असतो. पण स्वतःचं घर असताना मेशच्या डब्यांनी हवेतून स्लॅब भेदत बसण्यात अर्थ नाही. पुढे कधी मेश घेतलाच तर ही वायर त्यालाही जोडता येते आणि मेश खरा चालतो तो तेव्हाच.

उष्णतेचं जरूर लक्षात ठेवा. बहुतेक घरगुती राऊटरना ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालण्याची हमी असते. आपल्याकडे मेमध्ये बाहेरच ४५ होतात आणि गच्चीखालच्या खोलीत दुपारी स्लॅबला हात लावला तर चटका बसतो. वरचा राऊटर माळ्यावर किंवा बंद कपाटात ठेवू नका, कूलर चालतो त्या खोलीत, पण त्याच्या ओल्या झोतापासून बाजूला ठेवा. वीज जाते त्यासाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या. तो खालचा डबा, राऊटर आणि वरचा ॲक्सेस पॉइंट तिघांनाही लागेल, एकही बंद पडला तर मुलीचा क्लास तुटतो. आधी ॲडाप्टरवरचे व्होल्ट आणि अँपियर वाचा.

आणि ही वायर उघड्या गच्चीवरून शेजारच्या किंवा भावाच्या घरात नेण्याचा मोह झाला तर तांब्याची नेऊ नका. मृगाच्या आधी इथे जी वादळं होतात, त्यांत वीज दूर पडली तरी लांब वायरीत झटका येतो आणि दोन्ही टोकांची पोर्टं जळतात. दोन घरांमध्ये फायबरच टाकावं.

हात लावलाच आहे तर राऊटरचा ॲडमिन पासवर्ड बदला, डब्ल्यूपीएस (पासवर्ड न टाकता जोडायची सोय) बंद करा, भाडेकरू असतील तर त्यांना गेस्ट नेटवर्क द्या.

रविवारी बर्डीवर जाण्याआधी सुतळी घेऊन खालच्या राऊटरपासून वरच्या टेबलापर्यंतची खरी वाट मोजा, कोपऱ्यांसकट, आणि तीन मीटर जास्तीची वायर घ्या. डिशच्या पाईपातली जुनी वायर हलते का तेही त्याच दिवशी ओढून पाहा. ती हलली तर काम एका दुपारचं आहे. नाही हलली तर जिन्याच्या बाजूच्या भिंतीतून बाहेर काढून काळी वायर वर न्या आणि खोलीत शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथूनच टपकेल, घरात येणार नाही.