सासूबाईंचं बीपी घरीच मोजायला शिकू का?

प्रश्न: ताई, सासूबाईंना बीपी आहे, मशीन आणलंय पण दर वेळी आकडा वेगळाच येतो, त्या घाबरतात आणि मग मीपण. मला हे जमेल का? – एक वाचक, फोंडा

उत्तर: अगं, नक्की जमेल, आठवडाभरात हात बसतो. आकडा थोडा बदलणारच, पण मोजण्याआधी अर्धा तास चहा नको, आणि पाच मिनिटं त्यांना खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसू दे, पट्टा उघड्या दंडावर बांध, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि मोजताना बोलायचं नाही (हे सगळ्यात अवघड, मला माहितीये!). एका मिनिटाने परत मोज, दोन्ही वहीत लिही, डॉक्टरांना वहीच दाखव. घरी सारखं 135/85 च्या वर येत असेल तर डॉक्टरांना सांग, गोळी मात्र स्वतःहून कमीजास्त करू नको. 180/120 च्या वर जाऊन छातीत दुखलं, धाप लागली किंवा बोलणं अडखळलं तर सरळ 108 लावायचा.

आणि पेजेसोबतचं सुकं खारं (खारवलेली मासळी) नि लोणचं बघ गं, दिवसाला मीठ सगळं मिळून 5 ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे जेमतेम एक छोटा चमचा. नातवाला वही लिहायला बसव, आजी त्याच्यासमोर घाबरणार नाहीत.