पत्रकारितेसोबत एआय शिकावं का? शिका, पण आधी संख्याशास्त्र आहे का ते बघा

तुम्ही विचारलंय, पत्रकारितेच्या पदवीसोबत एआय हा जोडविषय घ्यावा का आणि त्याने नोकरी मिळेल का. नोकरीचं छातीठोकपणे कोणी सांगू शकणार नाही. विषय मात्र घ्या, फक्त आधी अभ्यासक्रम उघडून बघा. चॅटबॉटला सूचना कशा द्यायच्या आणि त्याच्याकडून बातमीचा मसुदा कसा काढून घ्यायचा, एवढंच त्यात असेल तर फी वाया जाईल. पदवी हातात पडेपर्यंत ती साधनं बदललेली असतील. संभाव्यता, संख्याशास्त्र, पायथन ही प्रोग्रामिंग भाषा, एसक्यूएल (डेटाबेसमधून माहिती काढायची भाषा) आणि मॉडेलचं मूल्यमापन, म्हणजे ते किती आणि कसं चुकतं ते मोजणं, असेल तर खुशाल प्रवेश घ्या.

'गणित नको म्हणून तर पत्रकारितेला आलो' हे मी इतक्यांच्या तोंडून ऐकलंय की त्याचा हिशेब इथेच करून टाकतो. २०१६ मध्ये प्रोपब्लिका या अमेरिकी शोधपत्रकारिता संस्थेने अमेरिकी न्यायव्यवस्थेत वापरल्या जाणाऱ्या कॉम्पास या प्रणालीची चिरफाड केली. आरोपी पुन्हा गुन्हा करेल का, याचा अंदाज ती १ ते १० गुणांत देते. फ्लोरिडातल्या ब्रॉवर्ड काउंटीतल्या ७,००० हून अधिक जणांचे गुण त्यांनी मिळवले आणि पुढच्या दोन वर्षांच्या गुन्ह्यांच्या नोंदींशी ताडून पाहिले. ५ किंवा जास्त गुण म्हणजे धोका, असं धरलं. ज्यांच्यावर दोन वर्षांत नवा गुन्हा नोंदला गेला नाही, अशा कृष्णवर्णीयांपैकी सुमारे ४५ टक्के लोकांवर धोक्याचा शिक्का होता. गोऱ्यांमध्ये हेच प्रमाण सुमारे २३ टक्के. त्यावर कॉम्पास बनवणाऱ्या कंपनीचं म्हणणं असं की, शिक्का बसलेल्यांपैकी खरोखर पुन्हा गुन्ह्यात सापडलेले दोन्ही गटांत जवळपास सारखेच आहेत. तेही खरं होतं: कृष्णवर्णीयांत ६३ आणि गोऱ्यांत ५९ टक्के.

गणिताला घाबरणारा वार्ताहर इथे आरोप आणि खुलासा शेजारी-शेजारी छापून मोकळा होतो. पण दोन्ही आकडे बरोबर कसे, हीच तर बातमी. नव्या गुन्ह्याच्या नोंदीचं मूळ प्रमाणच दोन गटांत वेगळं होतं, कृष्णवर्णीयांत ५१ आणि गोऱ्यांत ३९ टक्के. मूळ प्रमाण वेगळं आणि अंदाज बिनचूक नाहीत, अशा वेळी शिक्क्याची विश्वासार्हता आणि दोन्ही प्रकारच्या चुकांची (उगाच बसलेला शिक्का आणि निसटलेला माणूस) प्रमाणं, हे सगळं एकदम सारखं करता येतच नाही. मग कोणती चूक चालवून घ्यायची हे कोणी ठरवलं, हा प्रश्न अधिकाऱ्याला आणि कंपनीला विचारता येतो. तक्ता मांडता आला नाही, तर तो सुचणारही नाही. (शिवाय नोंद म्हणजे गुन्हा नव्हे. पोलिसांचा वावर जिथे जास्त, तिथे नोंदीही जास्त.)

तो डेटा आणि कोड खुला आहे. पहिल्याच सत्रात उतरवून घ्या, दोन बाय दोनचा तक्ता बांधा (शिक्का होता की नव्हता, नवा गुन्हा नोंदला गेला की नाही), आकडे जुळतात का बघा. मग सीमारेषा ५ वरून ८ वर नेऊन पुन्हा मोजा. खोटे इशारे कमी होतील, निसटलेले वाढतील. मूल्यमापनाचा निम्मा पेपर यातच होतो.

रोजच्या कामातलं एक सांगतो. मुलाखतीचं ध्वनिमुद्रण व्हिस्परसारख्या मॉडेलकडून लिहून घेताना शांततेच्या जागी ते कधी कधी न बोललेली वाक्यं घालतं, आणि ती वाचायला अगदी सफाईदार असतात. त्यामुळे वेळेच्या खुणांसह मजकूर घ्या, आणि अवतरणात जाणारं प्रत्येक वाक्य, नाव, आकडा मूळ आवाजाशी ताडा. नाव गुप्त ठेवायचं असलेल्या माणसाचा आवाज कुठल्याही संकेतस्थळावर चढवू नका. मॉडेल स्वतःच्या संगणकावर चालवता येतं. लहान मॉडेल साध्या लॅपटॉपवरही चालतं, चुका थोड्या जास्त करतं.

आता हेही सांगायला हवं: न्यूरल नेटवर्क (आजच्या एआय मॉडेलांचा गणिती गाभा) शून्यातून बांधता येणं बहुतेक पत्रकारांना लागत नाही. तेवढ्यासाठी माध्यम कायदा किंवा वार्तांकनाचा पेपर सोडू नका. संशोधनात जायचं असेल तर गोष्ट वेगळी, मग रेषीय बीजगणितही घ्या. आणि प्रवेशाआधी दोन्ही विभागांचं वेळापत्रक मागून घ्या. प्रयोगशाळेचे तास वार्तांकनाच्या तासांवर येत असतील, तर एआय दुसऱ्या वर्षापासून घेता येतो का ते लेखी विचारा.