कोपरखैरण्यात घराचं काम काढलंय. जुने दरवाजे, ग्रिल, लाद्या परत वापराव्यात की भंगारात द्याव्यात? ठाणे-नवी मुंबईत कोण घेतं?

विकायचं नंतर बघा. आधी कॉन्ट्रॅक्टरच्या कोटेशनमध्ये "जुनं सामान काढून नेणे" अशी ओळ असेल ती खोडायला लावा. डेब्रिज उचलायचे पैसे तो तुमच्याकडून घेतो आणि ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग, ग्रिल, पितळी नळ, स्टीलचं सिंक हे भंगारवाल्याला वजनावर देऊन वर परत कमावतो.

आमची नौपाड्यातली बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली तेव्हा दरवाजे, खिडक्यांच्या झडपा सगळं सागवान होतं, सासऱ्यांनी ब्लॉक घेतला तेव्हापासूनचं. मी म्हटलं हे सोडणार नाही. नणंद खारघरला असते, ती मुद्दाम येऊन सगळ्यांसमोर म्हणाली, वहिनी नव्या फ्लॅटमध्ये भंगार भरणार का, माझ्या दादाला काय कमी आहे? दादा टीव्ही बघत गप्प. सुतारही कुरकुरला, आणि त्याचं कारण खरं होतं, जुन्या लाकडात कुठेतरी खिळा मोडून राहिलेला असतो आणि रंध्याचं पातं त्यावर गेलं की कामातून गेलं. मग भाड्याच्या घराच्या गॅलरीत मी आणि मुलगा बसून लाकडावरून चुंबक फिरवायचो, जिथे चिकटेल तिथे खडूची खूण आणि पक्कडीने उपटायचं, शेजारच्यांना वाटलं हे लोक काय करतात रोज संध्याकाळी. त्या दाराचं आज डायनिंग टेबल आहे आणि झडपा पुस्तकांच्या कपाटाला लागल्यात. मजुरी धरली तर नव्या प्लायपेक्षा स्वस्त अजिबात नाही पडलं, पण पैसे वाचवायला करतच नव्हते हो, एवढी वर्षं मुरलेलं लाकूड, जे वाकायचं ते केव्हाच वाकून झालेलं, ते आता कुठल्या वखारीत मिळणार?

आणि नणंदेचं मॉड्युलर किचन पार्टिकल बोर्डचं. सिंकखाली गळती झाली आणि बोर्ड भिजवलेल्या पोह्यांसारखा फुगला. त्याला पुढे काही आयुष्यच नाही, भुसा गोंदात दाबलेला, फुगला की स्क्रू धरत नाही, भंगारवाला हात लावत नाही, वॉचमनने शेकोटीत घातला तर गोंदातलं फॉर्माल्डिहाइड, तो विषारी वायू, नाकात. मी तिला काही बोलले नाही. इथे बोलतेय.

लाद्यांचं म्हणाल तर सिमेंटवर बसवलेल्या टाइल्स अख्ख्या निघत नाहीत, नाद सोडा. चुन्यातल्या भिंतीची वीट सुटते कारण चुना विटेपेक्षा मऊ, सिमेंट विटेचा तुकडा घेऊनच निघतं, आणि तुमच्याकडे सगळं सिमेंटच असणार. म्हणजे राबिट, तुटक्या विटा-लाद्यांचा ढिगारा, होणारच. पाडकामाचा कचरा वेगळा ठेवायचा, कुठेही टाकायचा नाही असा नियम २०१६ पासून आहे, तरी रात्री कांदळवनात डंपर रिकामे होतातच. ठाणे खाडी २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली, फ्लेमिंगोचे फोटो आपण सगळेच टाकतो, पण आपल्या बाथरूमचं राबिट कुठे गेलं ते कोणी विचारत नाही. विचारा, आणि पावती मागा.

विकायचंच तर अख्खं लाकडी फर्निचर जोगेश्वरीला ओशिवऱ्याच्या मार्केटमध्ये दाखवा, फोटो आधी पाठवा म्हणजे टेम्पोचं भाडं फुकट जात नाही. ग्रिल-स्लायडिंग भंगारवाल्याला, पण दोघा-तिघांकडून भाव काढून. जुने कपडे बोहारणीला.

हो, एक राहिलंच. दारावर जुना ऑइलपेंट असेल तर घरात कोरडा घासू नका, लहान मूल असेल तर मुळीच नाही. रंगातल्या शिशाला ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा नोव्हेंबर २०१७ पासून आली, त्याआधीच्या रंगात किती शिसं आहे ते डोळ्यांनी दिसत नाही. आणि वायरिंग, स्विच, गॅसची नळी जुनी वापरायची नाही म्हणजे नाही, तिथे खुशाल माझ्या नणंदेचं ऐका.