धबधबा पाहूनही मन भरत नाही, तेव्हा

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झालो असून बेळगावात टिळकवाडीला राहतो. लहानपणी खानापूर तालुक्यातील आजोळी पावसाळ्यात आम्ही दिवसभर रानात असायचो आणि प्रत्येक गोष्टीचे नवल वाटायचे. आता मुलांबरोबर मोटारीने गोकाकचा धबधबा, आंबोली, चोर्ला घाट असे सारे पाहून येतो. छायाचित्रेही चांगली येतात, पण मनात काही उरत नाही. हे वयाचे लक्षण म्हणावे की पाहण्यातच काही उणे आहे?
— एक वाचक, बेळगाव

उत्तर : वयाला दोष देऊ नका. आजोळी आपल्याला कोणी काही दाखवायला नेले नव्हते. आपण तेथे तासन्‌तास असायचात, आणि भोवती जे घडत होते त्यावर आपसूक नजर जायची. हल्लीच्या सहलीत पाहण्याची जागा, उभे राहण्याचा कठडा आणि परत निघण्याची वेळ हे सारे आधीच ठरलेले असते. गोकाकला घटप्रभा सुमारे ५२ मीटर उंचीवरून कोसळते आणि भर पावसातले तिचे रूप पाहण्याजोगे आहेच. परंतु अर्ध्या तासाच्या भेटीत पुढे काय होईल याची उत्सुकता तेथे निर्माण होत नाही, आणि माझ्या मते नवल टिकते ते या उत्सुकतेवरच.

म्हणून पायी जाता येईल अशी एकच जागा निवडा आणि पावसाळाभर तेथेच जात राहा. व्हॅक्सिन डेपोची झाडी आपल्याला जवळ आहे. मला मात्र गावाबाहेरचे भाताचे शिवार अधिक पसंत आहे, कारण तेथे विहिरीवर झुकलेल्या बाभळीवर किंवा शिंदीवर सुगरण पक्ष्यांची वसाहत सापडण्याचा संभव असतो. या पक्ष्यांत विणकाम नर करतो. भाताच्या आणि गवताच्या पात्यांना चोचीने खाच पाडून तो लांब धागे सोलून आणतो, त्यांची फांदीला गाठ मारतो आणि घरट्याचा वरचा अर्धा भाग विणून थांबतो. मग माद्या येऊन पाहणी करतात. एखादीला ते अर्धे घरटे पसंत पडले तरच तो पुढची खोली आणि खाली लोंबणारी नळी पूर्ण करतो. नाही पडले तर ते तसेच सोडून दुसरे सुरू करतो. मादी अंड्यांवर बसली की हा गृहस्थ बहुधा शेजारीच नव्या घरट्याला लागलेला दिसतो. अर्धवट घरट्यात तो ओल्या मातीचे गोळेही चिकटवतो. (आत उजेडासाठी काजवे चिकटवतात, ही गोष्ट आपण सर्वांनीच ऐकली आहे; तिला आधार नाही.) झाडाखाली पडलेल्या घरट्यांतील किती अर्धवट आहेत आणि किती पूर्ण, एवढे जरी पाहिले, तरी पुढच्या आठवड्यात पुन्हा जावेसे वाटेल. दुर्बीण असल्यास उत्तम, पण पायांत चांगले बूट असणे अधिक गरजेचे.

घाटात जायचेच असेल, तर चोर्ल्याच्या वाटेवर कणकुंबीला उतरा. तेथे मलप्रभेचा उगम आहे. त्याच तालुक्याच्या डोंगरांत म्हादईही उगम पावते. अरबी समुद्रावरून आलेले ढग या डोंगरांवर रिते होतात. त्यांपैकी म्हादईच्या वाट्याचे पाणी पश्चिमेला उतरून, मांडवी होऊन, पणजीजवळ पुन्हा त्याच समुद्राला मिळते. मलप्रभेच्या वाट्याचे पाणी मात्र इतक्या जवळच्या समुद्राकडे पाठ फिरवून सौंदत्तीमार्गे कूडलसंगमला कृष्णेत जाते आणि सारे द्वीपकल्प ओलांडून बंगालच्या उपसागरात पोहोचते. या पाण्यावरून राज्याराज्यांत चाललेला वाद सर्वांना ठाऊक आहे, त्यात येथे शिरायला नको. पण पुढच्या वेळी त्या रस्त्याकडेच्या ओहोळाचा उतार कोणत्या बाजूला आहे, ते अवश्य पाहा.

प्रश्न : मी निपाणीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. पहिल्या पावसाच्या मातीच्या वासाचे कारण सांगितले, तेव्हा एक विद्यार्थिनी म्हणाली, ‘बाई, आता त्यातली मजा गेली.’ तिला काय सांगावे?
— एक शिक्षिका

उत्तर : कारण अर्ध्यावर थांबले की मजा जाते, तेव्हा ते पुढे सांगा. या वासाला ‘पेट्रिकोर’ हे नाव १९६४ मध्ये ऑस्ट्रेलियातील दोन संशोधकांनी दिले. कोरड्या दिवसांत दगडामातीवर साठलेली वनस्पतींची तेले आणि मातीतील सूक्ष्मजीवांनी तयार केलेले जिओस्मिन ही त्यातली मुख्य द्रव्ये. थेंब आपटला की मातीच्या छिद्रांतील हवा बुडबुड्यांच्या रूपाने वर येऊन फुटते आणि वास हवेत उडतो. जिओस्मिन अत्यल्प असले तरी आपल्या नाकाला कळते; ते आपल्याला इतके तीव्रपणे का जाणवावे, हा प्रश्न मुलीपुढे ठेवावा. त्याच आठवड्यात शाळेच्या मैदानावर मखमली लाल मृगाचा किडा निघाला, तर त्याचे पाय मोजायला सांगा. ते आठ भरतील, आणि किडा म्हणवणारा हा जीव कोळ्यांच्या नात्यातला का, हे तीच आपल्याला विचारील.

प्रश्न : भीमगडची दुर्मीळ वटवाघळे मुलांना दाखवता येतील का?
— एक पालक, खानापूर

उत्तर : नाही, आणि तसा हट्ट धरू नये. बारापेडे गुहांमधील राउटनच्या वटवाघळाचे वर्णन १९१३ मध्ये झाले आणि पुढे कित्येक दशके जगात त्याचे तेवढेच एक ठिकाण ठाऊक होते. अलीकडे ते मेघालयात आणि कंबोडियातही आढळले. २०११ पासून भीमगड अभयारण्य आहे, आणि गुहेतल्या गडबडीने ही वटवाघळे विचलित होतात. त्याऐवजी मृगाच्या आधी, पहिले वळीव पडून गेल्यावर, काळोख्या रात्री ओढ्याकाठच्या झाडांवरचे काजवे दाखवा. त्यांचे लुकलुकणे हे नर-मादीचे परस्परांना दिलेले संकेत असतात आणि आपल्या उजेडात ते हरवतात. विंचूकाट्याच्या भयाने वाटेत बॅटरी लागेलच. जागेवर पोहोचल्यावर ती विझवा, मोबाइलही खिशात ठेवा, आणि काजवे बरणीत भरून घरी नेण्याची परवानगी मुलांना देऊ नका.