९ जीबीचं लग्न एका डीव्हीडीत

प्रश्न : मुलीच्या लग्नाचा व्हिडिओ फोटोग्राफरने लिंकवर पाठवला. १९२० बाय १०८० ची एमपी४ फाइल, २ तास १० मिनिटांची, ९ जीबी. दिंडोरीला आईकडे जुना डीव्हीडी प्लेअर आहे आणि तिला तोच चालवता येतो. हँडब्रेक या व्हिडिओ बदलणाऱ्या प्रोग्रॅमने फाइल ३ जीबीची करून डीव्हीडीवर टाकली, तर प्लेअर डिस्क वाचतच नाही. काय चुकतंय?
— एक वाचक, सिडको

उत्तर : फाइल लहान झाली, पण राहिली एमपी४च. जुन्या प्लेअरला एमपी४ म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. त्याला डिस्कवर व्हिडिओ_टीएस नावाचा फोल्डर लागतो, त्यात व्हीओबी, आयएफओ आणि बीयूपी अशा फाइली लागतात, आणि आतलं चित्र एमपेग-२ या जुन्या व्हिडिओ पद्धतीत लागतं. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्र ७२० बाय ५७६ चं आणि सेकंदाला २५ फ्रेम. आवाज एसी३ किंवा एमपी२, ४८ किलोहर्ट्झचा. फोटोग्राफरच्या फाइलीत बहुधा असतो तो एएसी प्रकारचा आवाज चालत नाही. हँडब्रेक हे काम करत नाही. तो एमपी४, एमकेव्ही अशा फाइली देतो आणि थांबतो. डीव्हीडीस्टायलरसारखा ऑथरिंगचा, म्हणजे प्लेअरला चालेल अशी डीव्हीडी रचून देणारा, प्रोग्रॅम घ्या. तो फुकट मिळतो. आणि त्याला ९ जीबीची मूळ फाइलच द्या. ३ जीबीच्या फाइलीत एकदा गाळलेलं चित्र पुन्हा गाळलं जाईल.

आता मावण्याचं. मूळ फाइल ९ जीबीची की २ जीबीची, याचा इथे काही संबंध नाही. हिशोब मिनिटांचा असतो. एका बाइटचे आठ बिट, म्हणून ४.७ जीबीची डिस्क म्हणजे ३७,६०० मेगाबिट. (विंडोज तीच डिस्क ४.३७ जीबी दाखवतो, म्हणून दुकानदाराने फसवलं असं समजू नका.) तुमचा व्हिडिओ ७,८०० सेकंदांचा. भागाकार केला की सेकंदाला ४.८ मेगाबिट येतात. त्यातून आवाजाचे ०.२ काढा, फोल्डरच्या व्यवस्थेसाठी थोडी जागा सोडा, की चित्रासाठी उरतात ४.४, म्हणजे ४,४०० केबीपीएस (सेकंदाला किलोबिट).

एवढ्यात विधी, मुलाखती, जेवणाच्या पंगती नीट दिसतात. चित्र फाटतं ते अक्षता उडताना आणि वरातीत नाशिक ढोल सुरू झाला की. हजार बारीक गोष्टी एकाच वेळी हलल्या की एमपेग-२ ला सगळ्यांचा माग ठेवता येत नाही आणि पडद्यावर चौकोन उमटतात. टू-पासची सोय असलेला प्रोग्रॅम मिळाला तर तीच निवडा : पहिल्या फेरीत तो अवघड जागा हेरतो, दुसऱ्या फेरीत तिथे जास्त बिट देतो आणि स्थिर प्रसंगांतून वाचवतो. कमाल मर्यादा ८,००० ठेवा. नियमाने चित्राला ९,८०० पर्यंत मुभा आहे, पण काठाला गेलं की जुने प्लेअर अडखळतात.

खरं सांगायचं तर आम्ही दोन डिस्क करू. एकीवर सीमंतपूजन ते सप्तपदी, दुसरीवर वरात आणि स्वागत समारंभ. प्रत्येकी ६५ मिनिटं धरली तर दोन्हींना ७,५०० सहज देता येतात, आणि डिस्क बदलायला आईंना काही जड नाही.

डीव्हीडीस्टायलरमध्ये नवा प्रोजेक्ट उघडताना पाल, १६:९ आणि एसी३ निवडा, फाइल ओढून टाका, दर दहा मिनिटांना चॅप्टर द्या. लगेच डिस्क मारू नका. आधी आयएसओ फाइल, म्हणजे अख्ख्या डिस्कची एका फाइलीतली प्रत, बनवा, ती व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअर प्रोग्रॅममध्ये उघडून सुरुवात, मध्य आणि शेवट पाहा. हार्ड डिस्कवर १० ते १२ जीबी मोकळी हवी. शेवटच्या क्षणी जागा संपून काम अडकणं नेहमीचं आहे. मग डीव्हीडी-आर डिस्कवर ४एक्स किंवा ८एक्स वेगाने मारा. पुन्हा पुन्हा लिहिता येणाऱ्या आरडब्ल्यू डिस्कवरून प्रकाश कमी परावर्तित होतो; जुनी लेन्स ती बऱ्याचदा ओळखत नाही. नाव लिहायला सीडी मार्कर वापरा, कागदी लेबल नको. ते जरा वाकडं बसलं तरी डिस्क फिरताना थरथरते.

प्रश्न : डीव्हीडी चालते, पण सगळी माणसं उंच आणि बारीक दिसतात.
— एक वाचिका, नाशिकरोड

उत्तर : डीव्हीडीवर रुंद चित्र दाबूनच साठवतात आणि प्लेअरने ते पुन्हा ताणायचं असतं. ताणायचं की नाही, हे एका खुणेवरून ठरतं. प्रोजेक्ट ४:३ वर राहिला की ती खूण चुकते; १६:९ करून पुन्हा बनवा. खूण बरोबर असेल तर प्लेअरच्या सेटअपमध्ये टीव्ही टाइप पाहा : नव्या टीव्हीला १६:९, जुन्या डब्याला ४:३ लेटरबॉक्स (वरखाली काळ्या पट्ट्या).

प्रश्न : मोबाइलवर काढलेल्या कीर्तनाची डीव्हीडी केली. सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, तासाभराने आवाज पुढे पळतो.
— एक वाचक, पंचवटी

उत्तर : चूक पहिल्यापासून सारखीच असती तर आवाज थोडा मागेपुढे सरकवून भागलं असतं. वाढत जाते, याचा अर्थ मोबाइलने फ्रेम रेट बदलता ठेवला आहे. मंडपात उजेड कमी झाला की फोन ३० वरून २४ वर येतो, आणि ऑथरिंगचा प्रोग्रॅम मात्र सगळीकडे एकच वेग धरून मोजतो. इथे हँडब्रेक कामाला येतो : फाइल त्यातून काढा, कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडा, आकडा २५ द्या आणि दर्जा चढा ठेवा, आरएफ (हँडब्रेकमधला दर्जाचा आकडा, लहान तितका दर्जा चढा) १६ च्या आसपास. ती फाइल डीव्हीडीस्टायलरला द्या. ३० च्या २५ करताना दर सहातली एक फ्रेम गळते, त्यामुळे कॅमेरा आडवा फिरला की हलका झटका दिसतो. तो खटकला तर फ्रेम रेट २९.९७ ठेवून ७२० बाय ४८० ची एनटीएससी, म्हणजे अमेरिकी टीव्ही पद्धतीची, डिस्क करा. आपल्याकडचे बहुतेक प्लेअर ती चालवतात.

प्रश्न : मराठी सबटायटल जोडली, पण जोडाक्षरं फुटतात, वेलांट्या भलतीकडे जातात.
— एक वाचिका, सिन्नर

उत्तर : डीव्हीडीवर सबटायटल अक्षरांच्या रूपात नसतातच, प्रत्येक ओळीचं छोटं चित्र असतं, तेही चार रंगांचं. ते चित्र काढणाऱ्या प्रोग्रॅमला देवनागरी जुळवता येत नसेल तर ‘भक्ती’चा ‘भक्‌ती’ होतो. फॉन्ट बदलून हे सुधारेल याची खात्री नाही. एसआरटी फाइल, म्हणजे सबटायटलची साधी मजकूर फाइल, यूटीएफ-८ या एन्कोडिंगमध्ये सेव्ह करा आणि हँडब्रेकमध्ये बर्न इन निवडून ओळी चित्रातच उमटवा. मग त्या बंद करता येणार नाहीत, एवढं मान्य असेल तरच. अक्षर ठळक आणि मोठं घ्या, कारण ५७६ रेघांत बारीक रफार आणि अनुस्वार विरघळतात. ओळी खालच्या कडेपासून थोड्या वर ठेवा. जुना टीव्ही कडेचा भाग कापतो.