घरटं दिसलं तर कॅमेरा आवरा : ऋतूंनुसार वन्यजीव छायाचित्रण, प्रश्नोत्तरे

ऋतू पालटला की पत्रं येतात आणि दरवर्षी प्रश्न तेच असतात. पावसात लेन्सला बुरशी, थंडीत काचेवर वाफ, उन्हाळ्यात धूसर फोटो आणि विणीच्या हंगामात घरटी. पहिल्या तिन्हींत नुकसान तुमचं होतं, चौथ्यात पक्ष्याचं. म्हणून त्या उत्तराला जास्त जागा दिली आहे.

प्रश्न : नवशिक्याने कोणत्या ऋतूत सुरुवात करावी? कॅमेरा कोणता घ्यावा?

जो ऋतू चालू आहे त्यात, आणि हाताशी आहे त्या कॅमेऱ्याने.

प्रश्न : थंडीत पहाटे फोटो काढून घरात आलं की लेन्सवर वाफ धरते. फडक्याने पुसून टाकू का?

नको. काच गार आहे तोवर ती पुन्हा धरणारच. बाहेर असतानाच मेमरी कार्ड काढून घ्या, कॅमेरा हवाबंद पिशवीत घाला आणि तो खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. पाणी पिशवीच्या बाहेरच्या अंगावर जमेल. वातानुकूलित गाडीतून दमट हवेत उतरतानाही असंच करा. आतल्या काचांमध्ये वाफ अडकून राहिली, तर बॅटरी काढा आणि कॅमेरा दुरुस्ती केंद्रात दाखवा.

प्रश्न : पावसाळ्यानंतर लेन्सच्या आत पांढरे बारीक धागे दिसताहेत. कुणी म्हणतं तांदळात ठेवा, कुणी म्हणतं उन्हात तापवा. काय करू?

यातलं काहीही नको. तांदळाची भुकटी झूमच्या फटीत शिरते, आणि कडक उन्हात आतलं ग्रीस पातळ होऊन छिद्राच्या (अपर्चरच्या, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या भोकाच्या) पात्यांवर येऊ शकतं. हे धागे म्हणजे बुरशी. ती आम्ल सोडते आणि त्याने काचेवरचा लेप खाल्ला जातो. लवकर उघडून साफ केली तर लेन्स वाचते. उशीर झाला तर धागे जातात, पण डाग राहतात. ‘मागच्या वर्षीपासून दिसतंय, पण फोटो तर बरे येतात’ असं लिहिणाऱ्यांना विनंती, याच आठवड्यात अधिकृत दुरुस्ती केंद्र गाठा. लेन्स घरी उघडू नका. काचा जागेवरून जराही हलल्या तर फोकस बिघडतो.

पुढच्या पावसाळ्यासाठी डब्यात आर्द्रतामापक ठेवा. 40 ते 50 टक्के आर्द्रता योग्य. 60-65 च्या वर गेली की बुरशीला मोकळं रान मिळतं. सिलिका जेलचा रंग बदलला की ते तापवून पुन्हा कोरडं करावं लागतं, हे बरेच जण विसरतात. लेन्ससोबत येणाऱ्या चामडी खोळीत लेन्स ठेवू नका, चामडं ओल धरतं.

प्रश्न : माझा कॅमेरा ‘वेदर सील्ड’ (पाणी-धूळ शिरू नये म्हणून सांधे बंद केलेला) आहे. मग पावसात चालेल ना?

शिंतोड्यांत चालेल, मुसळधार पावसात नाही. जाहिरातीतला पाण्याने निथळणारा कॅमेरा पाहून खरेदी करणाऱ्यांनी सोबतचं हमीपत्रही वाचावं; पाणी शिरून झालेलं नुकसान त्यात बहुधा धरलेलंच नसतं. कॅमेरा सील्ड पण लेन्स नसेल, तर त्या सीलचा उपयोग अर्धाच. साधं प्लास्टिकचं आवरण घाला. आधी विक्रेत्याला नाही, दुरुस्ती करणाऱ्याला विचारा. भिजलेले कॅमेरे त्याच्याकडे येतात.

प्रश्न : उन्हाळ्यात माळावरच्या हरणांचे फोटो दुपारी नेहमी मऊ, म्हणजे धूसर येतात. शटर स्पीड (शटर उघडं राहण्याचा वेळ) 1/2000 सेकंद ठेवूनही तेच. आणखी लांब, महाग लेन्स घेऊ का?

अजिबात नको. तापलेल्या जमिनीवर कमी-अधिक तापमानाच्या हवेचे थर थरथरत असतात आणि त्यांतून येणारा प्रकाश वाकत राहतो. त्यावर कोणत्याही शटर स्पीडचा इलाज नाही. लांब लेन्सने हरीण मोठं होतं, तशी थरथरही मोठी होते. ऊन तापण्याआधी या आणि अंतर कमी असेल तेव्हाच बटण दाबा, पण त्यासाठी हरणांच्या मागे गाडी घालू नका. थंडीतही गाडीच्या उबदार खिडकीतून फोटो काढताना हाच दोष येतो. काच उघडून आतली हवा आधी बाहेरच्याइतकी गार होऊ द्या.

प्रश्न : विणीच्या हंगामात मी घरट्यांचे फोटो काढतो. लेन्स 600 मिमीची आहे आणि पक्षी घरट्यावरून उठतसुद्धा नाही. मग त्याला त्रास होतो असं का म्हणता?

कारण न उठणारा पक्षी निवांत असतोच असं नाही. अंड्यांवर बसलेल्या कित्येक पक्ष्यांचा बचावच मुळी निश्चल राहण्यात असतो. अंडी उबवणाऱ्या पेंग्विनांच्या हृदयाचे ठोके मोजले, तेव्हा माणूस जवळ येताच पक्षी जागचा न हलताही ठोके वाढलेले दिसले. ‘उडाला नाही म्हणजे चालतं’ हा ऐकीव निकष कृपा करून सोडा.

टिटवीचंच बघा. उघड्या जमिनीवर खड्यांमधला उथळ खळगा, त्यात बहुधा चार अंडी. भर दुपारी ती अंड्यांवर असते ती सावली धरायला. पोटाची पिसं पाण्यात भिजवून आणते आणि अंडी गार ठेवते. तुम्ही जवळ गेलात की तिला अंडी सोडून तुम्हाला हाकलायला धावावं लागतं, आणि तेवढा वेळ अंडी तापल्या जमिनीवर उघडी पडतात. पंख पसरून अंगावर येणाऱ्या टिटवीचे फोटो मला कौतुकाच्या अपेक्षेने पाठवले जातात. मला ते बघवत नाहीत.

झाडावरच्या घरट्यांचं आणखी वाईट. ‘नीट दिसावं म्हणून दोनच पानं तोडली’ असं लोक सहज लिहितात. ती पानं पिल्लांचं छप्पर असतात. ती गेली की ऊन आत येतं, पाऊस आत येतो आणि कावळ्याची नजरही आत जाते. तुम्ही गवत तुडवून केलेली वाट तुम्ही गेल्यावरही तिथेच असते आणि मांजर, मुंगूस तिचा उपयोग करतात. घरटं बांधणं चालू असताना किंवा अंडी नुकतीच घातलेली असताना पक्षी व्यत्ययाला कंटाळून घरटं कायमचं सोडूनही देतो.

चोचीत अळी घेतलेला पक्षी फांदीवर घुटमळतोय आणि घरट्यात जात नाहीये, म्हणजे त्याची वाट तुम्ही अडवली आहे. कुणी पंख मोडल्याचं सोंग करून तुम्हाला दूर नेऊ पाहत असेल, तर त्याचाही अर्थ तोच. तिथून लगेच निघा, ‘एक शेवटची फ्रेम’ घेऊन मग नाही. मोबाइलवर पक्ष्याचा ध्वनिमुद्रित आवाज (कॉल) वाजवून पक्षी बोलावणंही बंद करा. आपल्या हद्दीत दुसरा नर घुसला असं त्याला वाटतं आणि पिल्लांना भरवायचं सोडून तो तुमच्या मोबाइलशी भांडत बसतो.

या काळात दुसरं पुष्कळ टिपता येतं. उंच शेंड्यावर बसून गाणारा नर, घरट्यापासून दूर भक्ष्य शोधणारे पालक, पंख फुटून स्वतः उडायला लागलेली पिल्लं. अभ्यासासाठी घरट्याची नोंद खरोखर हवीच असेल, तर आधी जाणत्या पक्षी अभ्यासकाशी बोला, वनखात्याकडे परवानगीचं विचारा, आणि मगच कॅमेरा उचला. अनेक स्पर्धा आता घरट्यांचे फोटो स्वीकारतच नाहीत, हेही लक्षात असू द्या.

प्रश्न : बर्फातले फोटो राखाडी का येतात?

कारण समोर जे आहे ते सरासरी राखाडीच आहे असं कॅमेऱ्याचा प्रकाश मोजणारा मीटर धरून चालतो आणि पांढरा बर्फही राखाडी करून टाकतो. एक्स्पोजर कम्पेन्सेशन (फोटो उजळ किंवा गडद करण्याची सोय) +1 ते +2 करा. गडद पाण्यावरच्या पांढऱ्या बगळ्यासाठी नेमकं उलट, म्हणजे उणे बाजूला जा. दोन्ही वेळा हिस्टोग्राम (फोटोतल्या उजळ-गडद भागांचा आलेख) पाहा.

प्रश्न : थंडीत ‘घुबडाचा झेपावतानाचा फोटो हमखास’ अशी सहल जाहीर झाली आहे. जावं का?

रानातल्या जिवाची हमी कुणी देत असेल, तर ती कशाच्या जोरावर, हे पैसे भरण्याआधी लेखी विचारा. बहुतेकदा उत्तर असतं सोडलेला जिवंत उंदीर, नाहीतर पाळलेला पक्षी. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या ‘वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर’ स्पर्धेत 2009 साली पहिला आलेला फोटो फाटकावरून उडी मारणाऱ्या लांडग्याचा होता. तो लांडगा बहुधा माणसाळवलेला होता असा निष्कर्ष परीक्षकांनी काढला आणि 2010 मध्ये पारितोषिक काढून घेतलं. आयोजकाने उत्तर टाळलं तर जाऊ नका. उत्तर दिलं तर ते एखाद्या पक्षी अभ्यासकाला दाखवा आणि मग ठरवा.

प्रश्न : दुर्मीळ पक्षी मिळाला तर फोटो लगेच सगळ्यांना पाठवावा का?

हंगाम संपेपर्यंत थांबा. नोंद महत्त्वाची वाटत असेल तर ती फक्त अभ्यासकांना कळवा. पाठवताना फाइलमधली जीपीएसची माहिती काढा, फोटोखालच्या ओळीत जागेचं नाव लिहू नका आणि मागे पूल, मनोरा किंवा ओळखू येणारा डोंगर दिसत असेल तर तेवढा भाग कापा.